जेफरसन: ज्याला भाषण जमायचं नाही, त्याचीच वाक्यं अजून सगळे बोलतायत

डोंगरमाथा
मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. आईबाबा सध्या आमच्याकडे व्हर्जिनियात आलेत, त्यांना घेऊन गेल्या शनिवारी मॉन्टिसेलोला गेलो होतो, म्हणजे थॉमस जेफरसनचं घर. शार्लट्सव्हिलच्या बाहेर टेकडीवर आहे, इथल्या पाच सेंटच्या नाण्यामागे जे घुमटवालं घर असतं ना, तेच. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. तिथेच असलेल्या त्याच्या थडग्यापाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "अरे हा राष्ट्राध्यक्ष होता ना, मग इथे लिहिलं कसं नाही?"

खरंच नाहीये. मजकूर त्याने स्वतःच ठरवून ठेवला होता आणि त्यात तीनच गोष्टी: (1776 च्या, ब्रिटनपासूनच्या) स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा लेखक, व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष, त्याआधी उपाध्यक्ष, परराष्ट्रमंत्री, फ्रान्समधला राजदूत, गव्हर्नर, सगळं वगळलं. उरलेल्या तीनपैकी दोन म्हणजे लिहिलेले कागद. परत येताना गाडीत दोन तास तेच डोक्यात, म्हणून हा धागा.

मला सांगायचंय ते एवढंच की अमेरिकेत राजकीय भाषण म्हणजे मोठी गोष्ट, आणि त्या भाषणांना ज्याने शब्द पुरवले त्याला स्वतःला बोलताच यायचं नाही. जॉन अ‍ॅडम्सने लिहून ठेवलंय की काँग्रेसमध्ये (म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेत) मी याच्याबरोबर बसलो पण सलग तीन वाक्यं बोलताना कधी ऐकलं नाही. 1776 च्या जूनमध्ये जाहीरनाम्यासाठी पाच जणांची समिती नेमली, जेफरसन, अ‍ॅडम्स, फ्रँकलिन, शर्मन, लिव्हिंग्स्टन. तेव्हा हा 33 वर्षांचा. अ‍ॅडम्सने म्हातारपणी सांगितल्याप्रमाणे त्यानेच याला पुढे ढकललं, तू माझ्यापेक्षा दहापट चांगलं लिहितोस म्हणून. फिलाडेल्फियात ग्राफ नावाच्या गवंड्याच्या घरात भाड्याने घेतलेल्या खोल्यांमध्ये बसून याने लिहिलं. 11 जूनला समिती, 28 जूनला मसुदा काँग्रेससमोर.

आणि मग 1801. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक भयंकर झालेली, याला आणि अ‍ॅरन बरला 73-73 मतं, प्रतिनिधीगृहात 36 वेळा मतदान झालं तेव्हा कुठे निकाल लागला. 4 मार्चला हा गडी साध्या कपड्यात राहत्या खाणावळीतून चालत कॅपिटॉलला गेला आणि इतक्या हळू आवाजात भाषण वाचलं की मागच्यांना काही ऐकूच आलं नाही. पण पठ्ठ्याने प्रत आधीच एका छापखानेवाल्याला देऊन ठेवली होती! भाषण छापून तयार. म्हणजे सभागृहात ऐकू नाही आलं तरी देशभर वाचलं गेलं. त्यातलं "आपण सगळे रिपब्लिकन आहोत, आपण सगळे फेडरलिस्ट आहोत" (रिपब्लिकन म्हणजे तेव्हाचा याचा पक्ष, आजचा नव्हे; फेडरलिस्ट म्हणजे विरोधक) हे वाक्य घ्या आणि आजचा कुठलाही जिंकलेला उमेदवार निकालाच्या रात्री काय बोलतो ते आठवा. मत न दिलेल्यांचाही मी अध्यक्ष वगैरे. चाल तीच, शब्द बदलतात.

पुढचं तर अजून मजेशीर. वॉशिंग्टन आणि अ‍ॅडम्स हे आधीचे दोघे राष्ट्राध्यक्ष दरवर्षी काँग्रेससमोर स्वतः जाऊन भाषण करायचे, याने ते बंद करून लेखी पाठवायला सुरुवात केली. कारण दिलं की समोर जाऊन बोलणं हे राजाच्या दरबारासारखं वाटतं. (खरं कारण आवाज, असं म्हणणारेही आहेत 🙂) ती प्रथा 1913 मध्ये विल्सनने मोडेपर्यंत चालली. शंभरावर वर्षं, एका माणसाच्या बोलण्याच्या कंटाळ्यामुळे म्हणा ना.

अजून बरंच आहे, प्रतिसादांत लिहितो. गुलामांचा विषय मुद्दाम टाळलेला नाही, येईलच.

तिरफळ
मस्त धागा, येऊ द्या अजून. तुमचा मुद्दा उलट बाजूनेही खरा आहे बघा. त्याच व्हर्जिनियातला पॅट्रिक हेन्री, तो खरा वक्ता. 1765 मध्ये ब्रिटिशांच्या कागदावरच्या कराविरुद्ध, म्हणजे स्टँप अ‍ॅक्टविरुद्ध तो बोलला तेव्हा कायदा शिकणारा जेफरसन दारात उभा राहून ऐकत होता, आणि पुढे म्हणाला होमर जसा लिहायचा तसा हा बोलतो. पण हेन्रीचं ते "मला स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण द्या" वालं 1775 चं भाषण कोणी लिहूनच घेतलं नव्हतं. 1817 मध्ये विल्यम वर्ट नावाच्या चरित्रकाराने लोकांच्या आठवणी गोळा करून ते उभं केलं, तेव्हा हेन्रीला जाऊन 18 वर्षं झाली होती. बोलणाऱ्याचे शब्द दुसऱ्याच्या आठवणीतून आले आणि न बोलणाऱ्याचे जसेच्या तसे राहिले.

खवचट_काका
घर छान, घुमट छान, वाक्य छान. जाहीरनाम्यात सगळी माणसं समान म्हणे! आणि स्वतःकडे आयुष्यभरात सहाशेवर गुलाम. त्यातले जिवंतपणी मुक्त केले दोन, मृत्युपत्रात पाच, सगळे हेमिंग्ज कुटुंबातले. त्याच कुटुंबातल्या, याच्या गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्जच्या मुलांचा बाप हाच, 1998 च्या डीएनए चाचणीनंतर मॉन्टिसेलो चालवणाऱ्या संस्थेनेही ते मान्य केलंय. आपल्याकडे असल्या माणसाला सरळ ढोंगी म्हणतात, तुम्ही धागे काढताय.

डोंगरमाथा
काका, ढोंगी म्हणा, मी नाही वाद घालणार. तिथे मलबेरी रो म्हणून भाग आहे, गुलामांची घरं आणि कामाच्या जागा होत्या तिथे, आई तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभी होती. पण माझा मुद्दा वेगळाय, त्या माणसाला सोडा, वाक्याचं पुढे काय झालं ते बघा. आणि ढोंगीपणा दाखवून देणारा पहिला माणूस दोनशे वर्षांनी नाही आला, त्याच्या हयातीतच आला.

1791. बेंजामिन बॅनेकर, मेरीलँडचा स्वतंत्र काळा शेतकरी, गणित-खगोल स्वतः शिकलेला, पंचांग तयार करायचा. जेफरसन तेव्हा परराष्ट्रमंत्री. बॅनेकरने पंचांगाच्या हस्तलिखितासोबत त्याला पत्र पाठवलं आणि त्यात जाहीरनाम्यातलं तेच वाक्य त्यालाच ऐकवलं, की महोदय हे तुम्ही लिहिलंत, आणि त्याच वेळी माझ्या बांधवांना बळाने गुलामीत ठेवलंयत. काय हिंमत आहे! जेफरसनने गोड उत्तर दिलं, पंचांग पॅरिसला काँडोर्से या गणितज्ञाकडे पाठवलं. पण 1809 मध्ये एका मित्राला खासगीत लिहिलं की बॅनेकरची बुद्धी अगदीच सामान्य होती. म्हणजे काका तुम्हाला अजून एक पुरावा 🙂

मुक्ता_वाचते
काकांचा राग समजतो, पण बॅनेकरने जे केलं तेच पुढे सगळ्यांनी केलं, आणि त्यातच या वाक्याची गंमत आहे. जाहीरनामा नाकारला नाही, लेखकाच्या तोंडावर धरला. 1848 ला सेनेका फॉल्सला बायकांची परिषद भरली, एलिझाबेथ कॅडी स्टँटनने मसुदा करताना मूळ वाक्यात फक्त दोन शब्द घुसवले, सगळे पुरुष "आणि स्त्रिया" समान. बाकी साचा तोच, राजाविरुद्धच्या तक्रारींच्या जागी पुरुषजातीविरुद्धच्या तक्रारी. मूळ जाहीरनाम्यात "त्याने अमुक केलं, त्याने तमुक केलं" असं पालुपद आहे ना जॉर्ज राजाबद्दल, 27 तक्रारी, तो "त्याने" इथे नवरा-बाप-कायदेवाला पुरुष होतो. वाचताना अंगावर येतं हो.

मग 1852, रॉचेस्टर, फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळालेला वक्ता. त्याला चार जुलैबद्दल, म्हणजे स्वातंत्र्यदिनाबद्दल, बोलायला बोलावलं, त्याने भाषण केलं पाच जुलैला, आणि विचारलं की गुलामाला तुमचा चार जुलै म्हणजे काय?

भाषेबद्दल अवांतर: "ही सत्यं आम्ही स्वयंसिद्ध मानतो" असं मराठीत करतात. स्वयंसिद्ध असेल तर मानायचं कशाला? भूमितीत गृहीतक मांडतो तसं मांडलंय. आधी गृहीतकं, मग पुरावे म्हणून तक्रारी, मग म्हणून आम्ही स्वतंत्र. इति सिद्धम्! पहिल्या मसुद्यात तिथे "पवित्र आणि नाकारता न येणारी" होतं. पवित्र म्हटलं की श्रद्धा आली, स्वयंसिद्ध म्हटलं की वाद संपला. एका शब्दाच्या बदलाने प्रवचनाचं प्रमेय झालं.

अभ्यासू_पोर
छान माहिती. एक शंका, एमपीएससीच्या क्लासला सांगितलं होतं की परराष्ट्र धोरणातलं ते "गुंतवणाऱ्या युती नकोत" वालं वाक्य वॉशिंग्टनच्या निरोपाच्या भाषणातलं आहे. बरोबर ना?

तिरफळ
नाही, हे सगळेच चुकवतात, अमेरिकन लोकंपण. वॉशिंग्टन 1796 मध्ये म्हणाला "कायमस्वरूपी" युती टाळा. "सर्व राष्ट्रांशी शांतता, व्यापार आणि प्रामाणिक मैत्री, गुंतवणारी युती कोणाशीच नाही" हे जेफरसनचं, वर धाग्यात आलेल्या त्याच 1801 च्या न ऐकू आलेल्या भाषणातलं. आणि वॉशिंग्टनचा तो निरोपही भाषण नव्हताच, वर्तमानपत्रात छापून आला होता. तुमच्या क्लासला माझा नमस्कार सांगा.

कॅलिफोर्निया_मिसळ
चुकीच्या श्रेयावरून आठवलं, आमच्या ऑफिसात कॉफी मशीनजवळ बोर्ड होता, "मतभेद हा देशभक्तीचा सर्वोच्च प्रकार - थॉमस जेफरसन". जेफरसन असं कधीच म्हणाला नाही! तसंच "जे कमीत कमी राज्य करतं तेच उत्तम सरकार" आणि "अखंड सावधपणा ही स्वातंत्र्याची किंमत", दोन्ही त्याच्या नावावर खपतात आणि त्याच्या लिखाणात सापडत नाहीत. माणसाने हजारो पत्रं लिहिली, स्वतःच्या पत्रांची नक्कल काढायला दोन पेनांचं यंत्र वापरायचा, तरी लोकांना खोटी वाक्यं बनवावी लागतात. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर विवेकानंद आणि अब्दुल कलाम जे सोसतात तेच.

आणि खऱ्या वाक्यांचाही काय उपयोग होईल सांगता येत नाही. "स्वातंत्र्याच्या झाडाला अधूनमधून देशभक्तांच्या आणि जुलमी लोकांच्या रक्ताचं पाणी घालावं लागतं" हे 1787 मधलं खासगी पत्र. 1995 ला ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोट करणारा टिमथी मॅकव्हे पकडला गेला तेव्हा त्याच्या टीशर्टवर तेच छापलेलं होतं.

खवचट_काका
घ्या. एकाच कारखान्याचा माल, डग्लसलाही पुरतो आणि मॅकव्हेलाही.

डोंगरमाथा
काका, हे वाक्य मी चोरणार.

पण लिंकनचं सांगायलाच हवं. 1859 मध्ये बॉस्टनच्या लोकांनी त्याला जेफरसनच्या जयंतीचं बोलावणं धाडलं. हा जाऊ शकला नाही पण पत्र लिहिलं, त्यात गोष्ट सांगितली: दोन दारुडे ओव्हरकोट घालून मारामारी करत होते, झटापट इतकी झाली की संपली तेव्हा प्रत्येक जण स्वतःच्या कोटातून निघून दुसऱ्याच्या कोटात गेलेला. म्हणजे जेफरसनचा वारसा सांगणारा डेमोक्रॅटिक पक्ष आता त्याचं नाव घेत नाही, आणि विरोधकांचे वारस असलेलो आम्ही रिपब्लिकन त्याची जयंती करतोय. पुढे लिहितो की नुसत्या क्रांतीच्या कागदात, घाईगर्दीत, याने सगळ्या काळातल्या सगळ्या माणसांना लागू पडेल असं एक सत्य घालून ठेवलं.

गेटिसबर्गच्या भाषणाची सुरुवात "सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी" अशी आहे. 1863 मधून 87 वजा करा. 1776 येतं. राज्यघटना 1787 ची, तिच्यात गुलामीला जागा होती, म्हणून लिंकन देशाचा जन्म घटनेपासून मोजतच नाही, जेफरसनच्या कागदापासून मोजतो. एका वजाबाकीत केवढं राजकारण!

आणि गुलामीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स, त्याने 1861 मध्ये सव्हानाला उघड सांगितलं की जेफरसन आणि त्या पिढीची समानतेची कल्पनाच चूक होती, आमचं नवं सरकार बरोबर उलट पायावर उभं आहे. मला तर वाटतं वाक्याला खरी ताकद आहे याचं याहून मोठं सर्टिफिकेट नाही, शत्रूला ते खोडावं लागलं.

रानजाई
कोणी अजून बाबासाहेबांचा उल्लेख कसा केला नाही? 25 नोव्हेंबर 1949, घटना समितीतलं शेवटचं मोठं भाषण. त्यात जेफरसनचं नाव घेऊन अवतरण दिलंय: प्रत्येक पिढी हे वेगळं राष्ट्र समजावं, बहुमताने ती स्वतःला बांधून घेऊ शकते, पण पुढच्या पिढीला बांधायचा तिला हक्क नाही, जसा दुसऱ्या देशातल्या लोकांना बांधायचा नाही. बाबासाहेब म्हणतात हे नुसतं खरं नाही, पूर्णपणे खरं आहे. आणि ते कशासाठी वापरलं? आपल्या घटनेत दुरुस्ती करणं अमेरिका-ऑस्ट्रेलियाइतकं अवघड ठेवलेलं नाही हे पटवायला! म्हणजे अमेरिकेच्याच माणसाचा दाखला देऊन अमेरिकेची अवघड पद्धत नाकारली. वकिली म्हणजे ही.

महात्मा फुल्यांचंही आहे. 1873 ची गुलामगिरी अर्पण केलीय अमेरिकेतल्या लोकांना, गुलामी संपवली म्हणून. आणि तरुणपणी ते ज्या टॉमस पेनच्या माणसाच्या हक्कांवरच्या पुस्तकाने भारावले, त्या पुस्तकाची 1791 ची अमेरिकन आवृत्ती निघाली तेव्हा जेफरसनची एक खासगी चिठ्ठी प्रकाशकाने न विचारता पुढे छापून टाकली होती, त्यावरून अ‍ॅडम्स आणि त्याचं चांगलंच वाजलं.

तिरफळ
रानजाई, जबरदस्त. फक्त एक किडा काढतो: बाबासाहेब तिथे जेफरसनचा अमेरिकन घटना बनवण्यात मोठा वाटा होता म्हणतात, पण 1787 च्या घटना परिषदेच्या वेळी तो पॅरिसला राजदूत होता, परिषदेत नव्हता. पत्रांतून परिषदेतल्या मित्राचं, मॅडिसनचं, डोकं खात होता एवढं खरं.

मुक्ता_वाचते
ते पिढीवालं अवतरण 1813 मधल्या जावयाला लिहिलेल्या पत्रातलं, जावई जॉन एप्स, काँग्रेसमधला. आणि विषय काय होता माहितीये? सरकारी कर्ज. एका पिढीने कर्ज करून पुढच्या पिढीच्या डोक्यावर ठेवू नये. हाच विचार त्याने 1789 मध्येही मॅडिसनला लिहिला होता, पृथ्वी जिवंत माणसांची आहे, मेलेल्यांची नाही.

आता हे वाचा. तो 4 जुलै 1826 ला गेला, जाहीरनाम्याला बरोबर 50 वर्षं, त्याच दिवशी अ‍ॅडम्सही. मागे कर्ज एक लाख डॉलरच्या वर. वाइन, पुस्तकं, घर सतत पाडून बांधायची हौस, सासऱ्याचं अंगावर आलेलं कर्ज, मित्राला जामीन राहिला ते. 1827 च्या जानेवारीत मॉन्टिसेलोला लिलाव झाला, घरातलं सामान, जनावरं, आणि सुमारे 130 माणसं. कुटुंबं फुटली. पुढच्या पिढीवर कर्ज टाकू नका म्हणणाऱ्याचं कर्ज कोणाच्या पुढच्या पिढीने फेडलं ते बघा.

1963 ला मार्टिन लूथर किंगने वॉशिंग्टनला भाषण केलं ते सगळ्यांना शेवटच्या स्वप्नाच्या भागामुळे माहीत, पण सुरुवात वेगळीय. तो म्हणतो हा जाहीरनामा म्हणजे प्रॉमिसरी नोट होती, आणि काळ्या माणसांना मिळालेला चेक "खात्यात पुरेसे पैसे नाहीत" म्हणून परत आला. त्या लिलावाचं वाचल्यापासून मला ती उपमा उपमा वाटतच नाही.

खवचट_काका
हा प्रतिसाद आवडला. ढोंगी या शब्दावर मी ठाम आहे, पण धागा चालू द्या.

कोकम_सरबत
वातावरण जरा हलकं करते. जाहीरनाम्यावर काँग्रेसने कात्री चालवली तेव्हाचा किस्सा. जवळजवळ चौथा भाग कापला, गुलामांच्या व्यापारावरचा परिच्छेद तर अख्खा (तोही त्याने राजाच्या माथी मारला होता म्हणा). जेफरसन बिचारा धुसफुसत बसला होता, शेजारी म्हातारा फ्रँकलिन. त्याने समजूत काढायला गोष्ट सांगितली, जॉन थॉम्प्सन नावाच्या टोपीवाल्याने पाटी करायची ठरवली, "जॉन थॉम्प्सन, टोपीवाला, टोप्या बनवतो आणि रोखीने विकतो", खाली टोपीचं चित्र. मित्र म्हणाला टोप्या बनवतो म्हटलं की टोपीवाला आलंच, ते काढ. दुसरा म्हणाला कोणी बनवल्या याच्याशी गिऱ्हाइकाला काय. तिसरा म्हणाला उधारीवर इथे कोण देतो, रोखीने काढ. चौथा म्हणाला विकतो कशाला, फुकट वाटशील असं कोणाला वाटतंय? शेवटी उरलं नाव आणि टोपीचं चित्र.

आमच्याकडे हाच जोक "येथे ताजे मासे मिळतील" असा आहे, आणि मी पन्नास वर्षं तो मालवणचा समजत होते 😄

अभ्यासू_पोर
म्हणजे काँग्रेसने कापलं ते वाईट झालं की चांगलं?

मुक्ता_वाचते
गुलामांच्या व्यापाराचा परिच्छेद गेला ते नैतिकदृष्ट्या वाईट. मजकूर म्हणून विचाराल तर कात्रीने चांगलंच झालं, शेवटाकडे तो फार रडका झाला होता, ब्रिटिश बांधवांनी आमचं प्रेम तोडलं वगैरे. पण स्वतःची कात्रीही भारी होती हां. जॉर्ज मेसनने व्हर्जिनियाच्या हक्कपत्रात "सुख आणि सुरक्षितता शोधणं आणि मिळवणं" असं लिहिलं होतं. जेफरसनने "मिळवणं" काढलं. फक्त शोध ठेवला. मिळेल याची हमी सरकार देत नाही, मागे लागायची मोकळीक देतं. आजही इथला प्रत्येक पक्ष त्या एका शब्दाच्या अलीकडे पलीकडे उभा आहे.

कॅलिफोर्निया_मिसळ
+१. आणि हे फक्त अमेरिकेपुरतं नाही. हो ची मिन्हने 2 सप्टेंबर 1945 ला हनोईत व्हिएतनामचं स्वातंत्र्य जाहीर केलं, सुरुवातच जेफरसनच्या वाक्याने. पुढे अमेरिकेशीच लढाई झाली ते सोडा. ओबामाने 2013 च्या शपथविधीच्या भाषणात आधी ते पूर्ण वाक्य म्हटलं आणि मग सेनेका फॉल्स, सेल्मा (काळ्यांचा लढा), स्टोनवॉल (समलिंगींचा लढा) अशी नावं त्याच माळेत ओवली. केनेडीने 1962 ला नोबेलवाल्यांना जेवायला बोलावलं तेव्हाचा टोमणा तर प्रसिद्धच आहे, व्हाइट हाउसमध्ये एवढी हुशारी एकत्र जमली नव्हती, जेफरसन एकटा जेवायला बसायचा ते दिवस सोडून.

खवचट_काका
एकटा जेवायचा खरा, पण वाढायला कोण होतं तेही विचारायचं केनेडीने.

रानजाई
काका 👏

तिरफळ
मृत्यूच्या दहा दिवस आधीचं पत्र कोणी टाकलं नाही म्हणून टाकतो. वॉशिंग्टन शहरात पन्नासाव्या वर्धापनदिनाला बोलावलं होतं, तब्येतीमुळे जमणार नाही असं 24 जूनला कळवलं. त्यात लिहितो की बहुतेक माणसं पाठीवर खोगीर घेऊन जन्माला आलेली नाहीत आणि मूठभर लोक बूट आणि टाचेचे काटे लावून त्यांच्यावर स्वार व्हायला जन्मलेले नाहीत. प्रतिमा त्याची नव्हे, 1685 मध्ये फाशी जाताना रिचर्ड रंबोल्ड नावाचा इंग्रज बंडखोर हे बोलला होता. पण हेच त्याचं कसब होतं, 1825 मध्ये त्याने स्वतःच लिहिलंय की जाहीरनाम्यात नवं काही शोधायचा हेतू नव्हता, लोकांच्या मनात होतं ते शब्दांत मांडायचं होतं.

कोकम_सरबत
डोंगरमाथा, एक विचारायचं राहिलं. थडग्यावर जन्मतारीख 2 एप्रिल आहे असं वाचलं, आणि सगळीकडे जयंती 13 एप्रिलला. कोणाचं चुकलंय?

डोंगरमाथा
कोणाचंच नाही. ब्रिटिश मुलखात 1752 ला कॅलेंडर बदललं, 11 दिवस उडाले. त्याचा जन्म 1743 चा, म्हणून थडग्यावर 2 एप्रिल आणि पुढे O.S. (म्हणजे "जुन्या पद्धतीने") अशी दोन अक्षरं. बाबांनी तिथे तेही पकडलं होतं, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या एका गोऱ्या आजोबांना इंग्रजीत समजावून सांगत होते. आजोबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी पण शाळेत इतिहासच शिकवायचो. मग काय, दोघं त्या कुंपणापाशी पाऊण तास. आई गाडीत जाऊन झोपली.